कूलरच्या टाकीतला समुद्र

मे महिन्यात खापरखेड्यात कोणी कूलर धुवायला काढला की काका हजर. हातात इंजेक्शनची सिरिंज, खिशात काचपट्ट्या. "थांब बाप्पा, पाहू दे आधी!" मग टाकीच्या कडेचा हिरवा थर ते इतक्या मायेनं खरवडतात की घरच्या बाईला धुणं म्हणजे पाप वाटावं.

काका वीज केंद्राच्या पाणी-प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. कूलिंग टॉवरात शेवाळ धरू नये म्हणून नोकरीभर क्लोरीन सोडलं आणि पेन्शन सुरू होताच त्याच शेवाळाची वंशावळ लिहायला बसले. तीही गावच्या शेवाळाची नव्हे. जीव जडला तो समुद्रातल्यावर. समुद्र त्यांनी पाहिलेला नाही, पण हे त्यांच्यासमोर काढायची सोय नाही.

त्यातही लाडकं ऑस्ट्रिओकॉकस टॉरी. दक्षिण फ्रान्सच्या थो या खाऱ्या तलावातलं हे शेवाळ 1994 साली जगाला कळलं, तेही पेशी एकेक करून लेसरसमोरून सोडणाऱ्या यंत्रामुळे. आकार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी. केंद्रक असलेल्या, स्वतंत्र जगणाऱ्या जिवांत याहून लहान माहीत नाही. "एक हरितलवक, एक तंतुकणिका. ना शेपूट, ना कवच. संसार कसा आटोपशीर!" असं म्हणून काका माळ्यावरच्या पितळी भांड्यांकडे पाहतात. आत काकूंच्या हातून झाकण जरा जोरात पडतं.

अशा माणसाला पुतणीच्या सोयरिकीच्या बैठकीत बसवायला नको होतं. मुलाच्या मामांनी घराण्याचा विषय काढला मात्र, काका सरसावले.

"घराण्याचं काय घेऊन बसले जी? मायक्रोमोनासला 1952 मध्ये सोनेरी शेवाळांत टाकलं होतं. आठ वर्षं तिथंच नांदून राह्यला. मँटनबाई अन् पार्कबाईनं 1960 मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनं पाह्यलं, तं तो निघाला हिरव्यांचा! अन् प्रासिनोफाइट? ज्याचं कुठं जमत नाही, तो कोंबला त्यात. 2010 मध्ये त्यातूनच मामिएलोफायसी वेगळे निघाले. आपला ऑस्ट्रिओकॉकस तिकडचाच."

बैठकीत कोणी पोहे चावेना. मामांनी बशी खाली ठेवली.

"मंग तुमचे मूळचे कोण जी?"

"आमचं?" काकांनी चष्मा पुसला. "पक्कं नाही अजून. डीएनए पाहा लागंल."