पापनाशम आणि पीडीसी

तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमजवळ पापनाशम आहे. तिथल्या रामलिंगस्वामी देवळात 108 शिवलिंगं आहेत. खर-दूषणांच्या वधाचं पाप फेडायला रामानं ती स्थापली, आणि त्यातलं एक आणायला हनुमान काशीला गेला, अशी तिथली कथा. हनुमानाला उशीर झाला, पण त्याचंही लिंग हिशेबात धरलं. विलंबशुल्काचा उल्लेख कुठे नाही.

एचआरवाल्यांचं नशीब एवढं चांगलं नाही. अमेरिकेतल्या 'एसएचआरएम' या संस्थेचं (अक्षरं जोडून वाचली तर 'श्रम', घाम मात्र आपला) प्रमाणपत्र तीन वर्षं टिकतं. मग 60 पीडीसी दाखवायचे, नाहीतर पुन्हा परीक्षेला बसायचं. आपल्याकडे पीडीसी म्हणजे पुढच्या तारखेचा चेक. इथे तो व्यावसायिक विकासाचा गुण. शिकण्याचा एक तास, एक गुण. साहजिकच तिसऱ्या वर्षाच्या शेवटी वेबिनार लावून आवाज बंद करायचा आणि भाजी निवडायची. विषय बहुधा 'कर्मचाऱ्यांचं लक्ष कसं टिकवावं' हाच असतो.

शिवाय वर्षभर इतरांना 'ट्रेनिंग पूर्ण करा, शेवटची तारीख शुक्रवार' अशी मेल पाठवणारा माणूस म्हणजे हा एचआरवालाच. त्याला आठवण करून देणारी मेल येते, तेव्हा ती तो तितक्याच तत्परतेनं न उघडता बाजूला सारतो.

रामानं 108 लिंगं एकदाच स्थापली. दर तीन वर्षांनी नूतनीकरणाचा अर्ज त्याच्याकडे कोणी मागितल्याचं ऐकिवात नाही.