आपल्याकडून गेलाय!

इंदूरच्या रामबागेत प्रत्येक कामाचा एक काका असतो. गणपतीच्या आराशीचा वेगळा, लग्नातल्या पंगतीचा वेगळा, तसा एक ईमेलचाही. सियागंजातल्या किराणा व्यापाऱ्यापासून सांवेर रोडवरच्या कारखानदारापर्यंत ज्याच्या मेलचं घोडं अडतं, तो मेलवाल्या काकांना फोन लावतो. "भिया, मेल नहीं जा रहा!"

"जा नहीं रहा, कि पहुँच नहीं रहा?" काका विचारतात. या दोहोंतला फरक कळणारा गिऱ्हाईक त्यांना अजून भेटायचा आहे. मग ते लॉग उघडतात, समोरच्या सर्व्हरनं मेल घेतल्याचा २५० हा आकडा दिसला की मान डोलावतात आणि निकाल देतात, "आपल्याकडून गेलाय." त्यांच्या लेखी इथे विषय संपतो. गिऱ्हाइकाचा तिथेच सुरू होतो.

मेल नेमका जातो कसा, हे त्यांना पोहे खाताना विचारू नये. शेव मऊ पडते, जिरावन ओलं होतं, काका थांबत नाहीत. "पिन कोड कोणी काढला? आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. १५ ऑगस्ट १९७२! संस्कृतचा पंडित माणूस. ४५२ दिसलं की टपाल इंदूरकडे वळतं. पाठवणाऱ्या पोस्टाला तुझी गल्ली ठाऊक असायची गरज नाही. मेलच्या एमएक्स रेकॉर्डचं तेच. या नावाचं टपाल या दारात टाका, एवढीच पाटी. दोन पाट्या असल्या तर लहान आकड्याची आधी." वेलणकरांचं नाव घेताना मात्र त्यांचा आवाज असा होतो, की ते घरातलेच कुणी असावेत.

काकांचे नेम कडक. शुक्रवारी डीएनएसला, म्हणजे या पाट्यांना, हात लावायचा नाही. सर्व्हर बदलायचा तर दोन दिवस आधी टीटीएल ३०० सेकंदांवर आणून ठेवायचा, म्हणजे जुना पत्ता कुणाच्या लक्षात फार वेळ राहत नाही. "एवढी तयारी आमच्या मुलाच्या मुंजीला नव्हती," काकू म्हणतात. शिवाय एक लाल वही आहे. कुणाचं डोमेन कधी संपतं, ते तीत शाईच्या पेनानं लिहिलेलं. व्यापाऱ्याला दहा वर्षांपूर्वीचा तुरीचा भाव तोंडपाठ असतो. डोमेनचा पासवर्ड वेबसाइट करून देणाऱ्या भाच्याबरोबर बंगळुरूला गेलेला असतो.

एका नमकीनवाल्या शेटजींना पैसे वाचवायचे होते. त्यांचा आणि मुनीमजींचा मेल गोदामातल्या जुन्या सर्व्हरवर, बाकी पोरांचा क्लाउडवर. काकांनी बजावलं होतं, की अनोळखी नाव आलं तर नाही म्हणायचं काम एकाकडेच ठेवा. शेटजींच्या पुतण्यानं दोन्हीकडे 'ओळखत नसाल तर पलीकडे पाठवा' करून ठेवलं. मुनीमजी नोकरी सोडून गेले, त्यांचा डबा दोन्हीकडून पुसला आणि त्यांच्या नावाचा एक मेल जुन्या सर्व्हरकडून क्लाउडकडे, क्लाउडकडून जुन्याकडे असा हिंडायला लागला. शेवटी फार उड्या झाल्या म्हणून परत आला.

काकांनी तेलकट पंख्याखाली बसून त्याचं हेडर वाचलं. हेडर खालून वर वाचायचं असतं. जो तो सर्व्हर आपली 'मिळालं'ची ओळ वरच्या अंगाला चिकटवतो. काका एकेका ओळीखाली बोट ठेवत वर चढत होते, त्याच दोन नावांची आळीपाळी. वर पोचल्यावर चष्मा काढून म्हणाले, "सेठ, मुनीमजी चले गए, पर उनका मेल अभी ड्यूटी पे है."

सर्व्हरच्या उत्तरांचे हे आकडे काकांच्या संसारातही शिरलेत. ५५० म्हणजे कायमचा नकार, चारपासून सुरू होणारे म्हणजे 'नंतर या'. थोरल्या मेव्हण्यानं वाटणीवरून बोलणं टाकलंय. काकू डोळ्यांना पदर लावतात, काका शांत. "४५१ आहे गं, ५५० नाही. प्रयत्न करून राहिलोय ना मी." दर दिवाळीला त्यांचा फोन जातोच.

२०२४च्या फेब्रुवारीत गूगल आणि याहूनं ढिगानं मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क हे मेल खऱ्या मालकाचाच असल्याचं पटवणारे रेकॉर्ड सक्तीचे केले. सियागंजात एवढे मेल पाठवणारं कोण आहे! तरी काकांनी प्रत्येक गिऱ्हाइकाचे तिन्ही रेकॉर्ड बसवले आणि आठवडाभर सर्वांना ऐकवत फिरले, "मी केव्हापासून बोंबलून राहिलो होतो!"

खरी पंचाईत बिलाची. काका बिल मेलनंच पाठवणार, ते तत्त्व आहे. आणि शेटजींचं उत्तर ठरलेलं, "भिया, मिला नहीं. स्पैम में गया होगा. व्हाट्सऐप पे डाल दो ना." स्पॅम हा शब्द काकांना घराण्यावरच्या डागासारखा लागतो. व्हॉट्सॲपवर टाकलं असतं तर पैसे संध्याकाळी मिळाले असते, हे काकूंना कळतं.

यंदा काका बिलाच्या मेलचा प्रिंट घेऊन स्वतः सियागंजात गेले. पूर्ण हेडरसकट. डीकेआयएमची सही कुठे जुळली, शेटजींच्या सर्व्हरनं किती वाजून किती सेकंदांनी तो घेतला, सगळ्याला लाल पेनानं खुणा. शेटजींनी गल्ल्यावर बसून पहिलं पान पाहिलं, दुसरं उलटलं, तिसरं उलटलं, आणि खरोखरच्या आदरानं विचारलं, "भिया, बाकी सब समझ गया... अमाउंट किधर है?"