खाट, मेस आणि हप्ता

पुण्यातल्या सदाशिव पेठेतून विजेच्या खांबांवरच्या जाहिराती वाचत चाललं की उच्च शिक्षणाचा खरा अर्थसंकल्प कळतो. 'मुलांसाठी कॉट बेसिसवर जागा.' 'घरगुती मेस, रविवारी फीस्ट, संध्याकाळी बंद.' कॉट बेसिस म्हणजे खोली नाही, खाट भाड्याने. खाटेखाली बॅग, खाटेवर पुस्तकं आणि पुस्तकांतून उरलेल्या जागेत विद्यार्थी. मेसच्या भिंतीवर कायदा लिहिलेला असतो : 'सलग तीन खाडे असतील तरच धरले जातील. आदल्या दिवशी सांगावे.' गावी जाताना शुक्रवारी रात्री निघायचं की शनिवारी जेवून, याचा हिशेब पोरं ज्या बारकाईने करतात, तेवढ्या बारकाईने इंजिनिअरिंगच्या गणिताचा एम-थ्री पेपर सोडवला असता तर विद्यापीठाला बॅकलॉगचे फॉर्म छापावे लागले नसते.

अर्थात मेस ही फुटकळ बाब. बापाच्या कपाळावर आठ्या पडतात त्या कॉलेजच्या पावतीने. ट्यूशन फी, डेव्हलपमेंट फी, जिमखाना, लायब्ररी डिपॉझिट आणि सगळ्यात खाली 'इतर'. विकास कोणाचा आणि इतर म्हणजे काय, हे विचारायला खिडकीवर कोणी थांबत नाही, कारण मागे रांग असते. 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना वाट करून दिली. पोरं डोनेशन भरून कर्नाटकात जात होती, ती इथेच शिकू लागली. पैसाही इथेच राहिला. आता फी ठरवायला प्राधिकरण आहे. कॉलेजने खर्च मांडायचा, प्राधिकरणाने तपासून फी मंजूर करायची. खर्च वाढला म्हणून फी वाढल्याचं दरवर्षी कानावर येतं. खर्च घटला म्हणून फी उतरल्याचं अजून आलेलं नाही. 2024 मध्ये सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या बऱ्याच मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. निर्णय उत्तमच. पण खाट आणि चपाती त्यात बसत नाहीत.

पूर्वी तरी शिक्षण कुठे फुकट होतं? फक्त पैसे भरणारे हात वेगळे होते. पुण्यात पोरं वार लावून जेवत : सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. ज्याच्या घरी गुरुवार, त्याच्या उपासात आपलाही उपास. या पद्धतीचे गोडवे गाताना एक विसरलं जातं की ती दारं जात बघून उघडत. म्हणून तर शाहू महाराजांना कोल्हापुरात एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी करावी लागली आणि भाऊराव पाटलांना साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवावी लागली. त्या बोर्डिंगमधल्या पोरांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. भाऊरावांचं 'कमवा आणि शिका' त्यातूनच रुजलं.

एकाच माणसात सगळे मार्ग बघायचे तर बाबासाहेब आंबेडकरांचं शिक्षण बघावं. 1913 मध्ये बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती, महिना साडेअकरा पौंड. तिची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजमधली प्राध्यापकी, त्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेनांकडून पाच हजारांचं कर्ज आणि 1920 मध्ये पुन्हा लंडन. शिष्यवृत्ती, नोकरी, मदत, उसनवारी : आजच्या पोराकडेही याहून पाचवा मार्ग नाही.

फक्त उसनवारीचं रूप पालटलंय. बँकेच्या शैक्षणिक कर्जाला साधारण साडेसात लाखांपर्यंत तारण नको, बाप सहकर्जदार म्हणून सही करतो. त्यापुढे सातबारा नाहीतर फ्लॅटचे कागद काढावे लागतात. शिकत असताना आणि नंतरचं वर्षभर हप्ता नसतो. व्याज मात्र चालू असतं. वर्गातल्या कोणाहीपेक्षा त्याची हजेरी चांगली.

बँकेला मी नावं ठेवत नाही. तिने जात विचारली नाही, वाराच्या घरी पाणी भरायला लावत तसं पाणीही भरायला लावलं नाही. पण एक फरक मला जाचतो. ज्या काकूंनी चार वर्षं मंगळवारी जेवू घातलं, त्यांचं देणं फेडायची सोय नव्हती, म्हणून माणूस पुढे मिळवता झाला की दुसऱ्या कोणाला तरी जेवू घालायचा. बँकेचं देणं पैशापैशाने फिटतं. नो ड्यूज सर्टिफिकेट हातात पडलं की पोरगा मोकळा. पुढच्या पोराचं त्याच्याकडे काही येणं उरत नाही. सगळा व्यवहार चोख, आणि नेमकं त्यामुळेच पुढच्यासाठी शिल्लक शून्य.

एकाने पुढच्याला जेवू घालायची ती साखळी अजून पुरती तुटलेली नाही. पुण्यातली विद्यार्थी सहाय्यक समिती 1955 पासून खेड्यापाड्यांतून आलेल्या पोरांना अल्प खर्चात ठेवते, आणि तिथून शिकून गेलेले पुढच्यांसाठी पैसे पाठवतात. तेव्हा तुमचा शेवटचा हप्ता गेला असेल, तर पुढच्या महिन्यात तेवढीच रक्कम अशा एखाद्या वसतिगृहाला द्या. पावती मागून घ्या. जुन्या करप्रणालीत असाल तर सवलतही मिळेल.