नकोशांची सहल

डॅनिश माणसाला कोणाचा वीट आला, की तो त्याला उंबऱ्याबाहेर काढून थांबत नाही. बोलण्यात तरी थेट परमुलखात धाडतो. पहिला मुक्काम आइसलँडचा हेक्ला. मध्ययुगात हा ज्वालामुखी नरकाचं दार समजला जाई; त्याच्याच नावावरून झालेल्या ‘हेकेनफेल्ट’ला चालतं होण्याचा हुकूम डॅनिश भाषेत अजून निघतो. पुढे जर्मनीतला ‘ब्लोक्सब्येर्ग’, म्हणजे ब्रोकन डोंगर. २३ जूनच्या रात्री डेन्मार्कभर होळ्या पेटतात आणि गवताच्या चेटकिणी तिकडे रवाना होतात. १८९९ पासून माथ्यापर्यंत आगगाडी जाते, म्हणजे झाडूचाही खर्च वाचला. शेवटी ‘मिरी पिकते तिथे’, जवळपास आपल्याच दारात. गंमत म्हणजे मसाल्याच्या ओढीने डॅनिश लोक स्वतःच इकडे आले आणि १६२० मध्ये तरंगमबाडीला किल्ला बांधून बसले. मिरी पिकते मलबारात, हे कोरोमंडलात! तरीही १८४५ पर्यंत हलले नाहीत, तंजावरच्या भोसल्यांना खंडणीही भरत राहिले.

एवढी पायपीट का? माझ्या मते कारण भूगोलात आहे. मुख्य डेन्मार्क जेमतेम ४३ हजार चौरस किलोमीटरचा, सर्वांत उंच जागा १७१ मीटरची. अशा देशात माणूस नजरेआड करायचा तरी कुठे? कोणी म्हणेल, आडरानासाठी त्यांच्याकडे ‘लार्स हगवण्याचं शेत’ आहे की. आहे, पण ते कुठल्याही नकाशात नाही. घरात ओसाडी सापडेना, म्हणून ती रचावी लागली! हेक्ला शतकानुशतकं डॅनिश राजाच्याच ताब्यात होता, हा आक्षेप अधिक वजनदार. तरी नरकाचं दार लागलं की राजाची हद्द संपली, असं धरायला हरकत नसावी. बेपर्वाईची कमाल मात्र रशियाच्या वाट्याला आली. एखाद्याला नम्रतेशी देणंघेणं नसेल, तर नम्रता त्याच्या लेखी ‘रशियातलं एक शहर’. हे निव्वळ अज्ञान असतं, तर कोणीतरी विचारलं असतं, कोणतं शहर? रशियात हजारावर शहरं आहेत आणि कोणी विचारत नाही. मग हाताशी असलेलं अवाढव्य ग्रीनलँड का सोडलं? तिथून दोन खासदार कोपनहेगनच्या संसदेत येतात. पाठवलेला माणूस निवडून परत यायचा.