मोकळ्या रस्त्याचं भाडं

आपल्याकडे रस्ता तिघांसाठी मोकळा होतो: पालखीसाठी, मंत्र्यांच्या ताफ्यासाठी आणि मॅरेथॉनसाठी. पहिल्यासाठी गळ्यात माळ लागते, दुसऱ्यासाठी पदरात मतं आणि तिसऱ्यासाठी खात्यात पैसे. माळ घातली की मटण सुटतं, मतांच्या मागे लागलं की झोप. तेव्हा पिंपरी-चिंचवडच्या पगारदार मंडळींनी तिसरी वाट धरली, यात नवल नाही.

नोंदणी शुल्क भरणारा माणूस सांगतो, ‘मी तब्येतीसाठी धावतो.’ त्याचं ऐकू नका. तब्येतीसाठी निगडीची दुर्गा टेकडी आहे, सोसायटीचे जिने आहेत, तेही नको असेल तर रात्रीची तिसरी पोळी सोडता येते. तो काही हजार रुपये मोजतो ते डांबरासाठी. भोसरीच्या उड्डाणपुलाखाली ज्याला एरवी रस्ता ओलांडताना आईवडील आठवतात, त्याला एक सकाळ रस्त्याच्या मधोमध, पांढऱ्या पट्टीवरून, मागून हॉर्न न ऐकता जाता येतं. हे त्या मोकळ्या रस्त्याचं भाडं. टी-शर्ट, मेडल आणि शेवटी हातात पडणारं केळं ही वरकड भेट.

या भाडेकरूंना जवळून बघायचं असेल तर रविवारी पहाटे निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात जावं. शिवराय आणि तुकोबांच्या भेटीचं शिल्प, वर आभाळात तो भलामोठा तिरंगा आणि खाली अंधारात दोन घोळके. एक घोळका पोपटी आणि केशरी टी-शर्टांचा. कमरेला बाटल्यांचा पट्टा, कपाळावर दिवा, सगळ्यांचे डोळे मनगटावर. घड्याळाला उपग्रह सापडल्याशिवाय कुणी पाऊल उचलत नाही, कारण उपग्रहानं न पाहिलेलं धावणं हिशेबात धरत नाहीत. दुसरा घोळका कानटोप्यांचा. पाठीवर सॅक, सॅकमध्ये डबा, गळ्यात आयकार्ड, पायात सेफ्टी शूज. हे पहिल्या पाळीच्या बसची वाट बघणारे.

“सर, पाय मुरगळला का?” रेलिंगवर टाच टाकून वाकलेल्या एका धावपटूला कानटोपीतल्या पोरानं विचारलं.

“नाही, स्ट्रेचिंग. मॅरेथॉनची तयारी चाललीय.”

“किती भेटतात?”

“मिळत नाहीत. भरावे लागतात.”

पोरगं जरा गप्प झालं. “अन् पहिला नंबर आला तर?”

“पहिला केनियाचा येतो. नाहीतर इथिओपियाचा.”

“मग तुम्हाला काय?”

“मेडल. शेवटपर्यंत पोचला की प्रत्येकाला.”

“हां, म्हणजे दिवाळीच्या मिठाईच्या बॉक्ससारखं.” पोराच्या डोक्यात प्रकाश पडला. “कंत्राटवाल्यांना पण देतात?”

उत्तर मिळण्याआधी बस आली, थांब्यावर न थांबता पुढे गेली आणि पोरगं सुटलं. सेफ्टी शूजच्या चवड्यावर लोखंडाची वाटी असते. त्या वाट्या आणि पाठीवरचा डबा घेऊन त्यानं ते अंतर असं कापलं की ग्रुपच्या कोचनं नकळत स्टॉपवॉच दाबलं. पण पोराच्या मनगटावर उपग्रह नव्हता, म्हणून ती धाव कुठे चढली नाही. नोंद झाली ती कंपनीच्या गेटवर, पंचिंगमध्ये: वेळेत हजर, बस्स.

रविवारी कामावर निघालेलं पोरगं पाहून बाहेरगावचा पाहुणा हळहळतो. त्याला इथलं पंचांग ठाऊक नसतं. पिंपरी-भोसरीच्या एमआयडीसीत विजेच्या नियोजनापायी गुरुवारची औद्योगिक सुट्टी रुळली; अनेक कारखान्यांत कामगाराचा रविवार गुरुवारीच येतो. रविवार हा साहेबांचा वार, म्हणून शर्यती रविवारी. गुरुवारी ठेवल्या तर कामगारही पळतील, पण त्यांच्यासाठी रस्ता बंद कोण करणार? गुरुवारी साहेबांना ऑफिसला जायचं असतं.

हा साहेब सहा दिवस लाइनवर टॅक्ट टाइम सांभाळतो: ठरल्या सेकंदांत एक गाडी बाहेर पडलीच पाहिजे. त्या जाचातून सुटका हवी म्हणून तो सातव्या दिवशी धावायला येतो आणि दर किलोमीटरला मनगट बघतो. 6 मिनिटं 10 सेकंद. टार्गेट 6. लाइन स्लो आहे. सोमवारी त्याचा एक्सेलमध्ये आढावा निघतो. डाव्या गुडघ्यात रिजेक्शन वाढलंय, मूळ कारण शोधा. जपानी पद्धतीनं पाच वेळा ‘का’ विचारायचं. गुडघा का दुखला? जास्त पळालो. जास्त का पळालो? पर्चेसवाला माझ्या पुढे होता. त्याला पुढे का जाऊ दिलं नाही? गेल्या एप्रिलमध्ये तो पुढे गेला होता, प्रमोशनमध्ये. तिसऱ्या ‘का’लाच मूळ हाती लागलं, दोन ‘का’ वाचले. याला काइझेन म्हणतात.

घरच्यांची सहनशक्ती हा वेगळा विषय आहे. पुतणीच्या साखरपुड्यात हा माणूस जिलेबीला हात लावत नाही, भात मात्र दोनदा मागून घेतो आणि आठ वाजता उठतो. का, तर उद्या 30 किलोमीटरचा लाँग रन. “निगडी ते चाकण आणि परत,” असं त्यानं अभिमानानं सांगितल्यावर मावशी कळवळून विचारते, “अरे, कंपनीनं बस बंद केली का?”

मोठ्या शर्यतीच्या आधी सराव म्हणून आपल्या गल्लीतल्या शर्यती असतात. हिवाळ्यात जेवढ्या वधूवरांच्या पत्रिका येतात, तेवढ्या मॅरेथॉनच्या येतात. मॅरेथॉन म्हणायचं आणि 3 किलोमीटर धावायचं. फ्लेक्सवर एक धावपटू, तोही परदेशी, आणि बाकी जागेत भाऊ, दादा, आप्पा आणि त्यांचे युवा मंच. कारण मात्र उदात्त असतं: पर्यावरणासाठी धावा, आरोग्यासाठी धावा, नदीसाठी धावा. धावून झालं की रस्त्यावर प्लॅस्टिकच्या ग्लासांचा सडा. एवढी माणसं पळाल्यावर खरं तर तोंडाला फेस यायचा तो धावणाऱ्यांच्या. आळंदीत जाऊन पाहा, फेस इंद्रायणीला आलेला असतो.

अशा शर्यतीची वेळ सकाळी 6 ची असते, सुरुवात प्रमुख पाहुणे येतात तेव्हा होते. यावर नाकं मुरडू नयेत. पाहुण्यांच्या सोयीनं शर्यत वळवण्याची रीत थेट राजघराण्यातून आलेली आहे. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या किल्ल्यापासून निघाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनासमोर संपली. ते अंतर भरलं 26 मैल 385 यार्ड, म्हणजे 42.195 किलोमीटर. 1921 मध्ये तेच जगभरासाठी कायम झालं. शेवटच्या त्या काही मीटरांत ज्यांच्या पोटऱ्यांत गोळे येतात, त्यांनी इंग्लंडच्या राजघराण्याचं स्मरण करावं. आपल्या आप्पांनी निदान अंतर तरी वाढवलेलं नाही, कमीच केलं आहे.

पुण्यात 1983 पासून आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन आहे, पण या औद्योगिक पट्ट्यातल्या धावपटूच्या मनात असते ती मुंबई. 2004 मध्ये सुरू झालेली, जानेवारीत होणारी. शनिवारी कुटुंबाला घेऊन मुंबई गाठायची, बिब, म्हणजे छातीवरचा नंबर, आणायला जाऊन गरज नसलेले मोजे घ्यायचे, दादरच्या मामांकडे मुक्काम टाकायचा आणि पहाटे अडीचला सगळ्या घराला उठवून ‘तुम्ही झोपा’ म्हणायचं. मग सीएसएमटीसमोर, अंधारात, हजारोंच्या गर्दीत.

मुंबई त्याला काय देते? सी लिंक. 2009 मध्ये सुरू झालेल्या या पुलावर वर्षभर दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी, पायी माणसाला तर विचारूच नका. त्या पुलाच्या मधोमध एका सकाळी चाकणचा असिस्टंट मॅनेजर कमरेवर हात ठेवून उभा असतो. डावीकडे समुद्र, उजवीकडे समुद्र, टोल माफ. इथे फोटो काढताना त्याची टायमिंगची आठवणसुद्धा विरते. भाड्याचे पैसे वसूल झाले, ते याच ठिकाणी.

पुढे पेडर रोडचा चढ येतो. जाताना तो दिसत नाही, परतताना दुसरं काही दिसत नाही. पण त्या चढावर अनोळखी आजी संत्र्याच्या फोडी घेऊन उभ्या असतात आणि बिबवर छापलेलं नाव वाचून ओरडतात, “चल, चल, आलंच!” ज्या कंपनीत पंधरा वर्षं काढली तिथल्या एचआरला अजून ज्याचं आडनाव नीट लिहिता येत नाही, त्याला भर पेडर रोडवर एक आजी नावानं हाक मारते. माणूस रडतो, आणि ते घामात खपून जातं.

संध्याकाळी गळ्यात मेडल घालून परतीचा प्रवास. रविवारची संध्याकाळ, एक्स्प्रेसवे, बोरघाट. गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लचवर गोळे आलेला पाय. इथेही भाडं भरलेलंच असतं, टोल नावाचं. फक्त मोकळा रस्ता त्यात धरलेला नसतो.

मग पुढच्या वर्षी वेळ सुधारायची म्हणून बूट. तळव्यात कार्बनची पट्टी, किंमत अशी की बायकोला निम्मी सांगावी लागते. आपले शिवनाथ सिंह 1978 साली जालंधरला 2 तास 12 मिनिटांत मॅरेथॉन धावले. तो राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून जास्त टिकला. अनवाणी धावण्यासाठी ते प्रसिद्ध होते. हे ग्रुपवर टाकलं तर उत्तर येतं, “त्या काळी रस्ते चांगले होते.” आणि 2014 साली बारामतीत साठीच्या लता करे नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते. पुढे त्यांच्यावर ‘लता भगवान करे’ हा सिनेमा आला, तेव्हा आपण सगळे गहिवरलो. पण ‘किती भेटतात?’ हा प्रश्न त्यांनाही पडला असणार, आणि तो निगडीच्या चौकातल्या पोराच्या प्रश्नाहून वेगळा नव्हता. मॅरेथॉनबद्दल विचारलेला एवढा एकच प्रश्न शहाणा आहे.

इतकी पायपीट करून, मुंबईला भाडं भरून, एका सकाळपुरता रस्ता मिळवण्यापेक्षा ही सोय घरच्या घरी व्हावी असं आमचं मत आहे. चाकण त्यासाठी सर्वार्थानं योग्य आहे. 1660 मध्ये शाइस्तेखान चाकणवर चालून आला, तेव्हा फिरंगोजी नरसाळ्यांनी संग्रामदुर्ग जवळजवळ दोन महिने झुंजवला. खान आज चाकणच्या कोंडलेल्या तळेगाव चौकातून येता, तर फिरंगोजींना एकही तोफ न डागता किल्ला राखता आला असता. 2025 साली चाकणचे लोक कोंडीला विटून आकुर्डीला पीएमआरडीएच्या, म्हणजे महानगर विकास प्राधिकरणाच्या, कार्यालयावर मोर्चा घेऊन गेले, तेही पायी. गाड्यांनी निघाले असते तर पोचेपर्यंत कार्यालय सुटलं असतं.

तेव्हा ‘चाकण फुल मॅरेथॉन’ची योजना सादर करत आहोत. मार्ग: भोसरी, मोशी, चिंबळी फाटा, कुरुळी, आळंदी फाटा, चाकण, तिथून म्हाळुंगे, खालुंब्रेवरून तळेगाव. अंतर 42.195 ला थोडं कमी पडेल, ते खड्डे चुकवण्यात भरून निघेल. वार कामाचा, वेळ संध्याकाळी 6, पाळी सुटतानाची. रस्ता बंद करण्याची परवानगी लागणार नाही, तो त्या वेळी बंदच असतो.

पेसर म्हणून कारखान्यातून निघालेले कार कॅरिअर ट्रेलर. ताशी दोनशेनं पळायला बनवलेल्या कोऱ्या गाड्या ट्रेलरच्या पाठीवर बसून ताशी पाचनं सरकतात. नवख्या धावपटूनं त्यांच्या मागे राहिलं तर दम लागणार नाही. अनुभवी धावपटूंनी त्यांना मागे टाकावं, चालत. पाण्याची सोय टँकरवाले करतील, तेही तिथेच अडकलेले असतात. दर चौकात वडापाव. टायमिंगसाठी चिप नको, गेटवरचं पंचिंग पुरे: सुटल्याची वेळ कंपनीत, पोचल्याची वेळ घरी जेवण कितीदा गरम केलं त्यावरून. मेडल सर्वांना, कंत्राटवाल्यांनासुद्धा. ते याच मार्गावर रोज सराव करतात, त्यामुळे पहिले शंभर नंबर त्यांचेच येतील; केनियावाल्यांनी मन घट्ट करून यावं.

एक शेवटची सूचना. या शर्यतीला नोंदणी शुल्क नाही. मोकळ्या रस्त्याचं भाडं आपण गाडी घेतानाच, रोड टॅक्स म्हणून, एकरकमी भरलेलं आहे. पावती डिकीत असेल, बघा.