घरटी एक पान

२०१० साली प्रागमध्ये अमेरिकेचे ओबामा आणि रशियाचे मेदवेदेव यांनी ‘न्यू स्टार्ट’ करारावर सह्या केल्या. प्रत्येकी १,५५० तैनात अण्वस्त्रे, वर एकही नाही. आता हिशेब बघा. बॉम्बफेकी विमान कितीही अण्वस्त्रे नेऊ शकत असो, करारात ते एकच धरायचे. पंगतीला सहकुटुंब सहपरिवार जेवून जायचे आणि वहीत पान एकच लावायचे, तशातली गत. क्षेपणास्त्रांना मात्र कडक शिस्त! तपासनीस परदेशातून यायचे, टोकावरचे आवरण उतरायचे आणि आत पुन्हा प्रत्येक अस्त्रावर खोळ चढवलेली. खोळीखालचे उंचवटे मोजायचे, सही करायची, परतायचे. (मुली दाखवण्याच्या कार्यक्रमात याहून जास्त दिसत असे.) २०२०च्या करोनात तेही थांबले. २०२३मध्ये पुतिन यांनी सहभागच स्थगित केला.

तिकडे अण्वस्त्रप्रसारबंदी कराराच्या सहाव्या कलमात निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी ‘सद्भावनेने’ करायचे वचन आहे, १९६८पासून. कधीपर्यंत, ते लिहायचे राहून गेले. ‘न्यू स्टार्ट’मध्ये ती चूक झाली नाही. मुदत एकदाच वाढवता येत होती, ती २०२१मध्ये वाढवून झाली आणि ५ फेब्रुवारी २०२६ रोजी संपली.