लॅपटॉपची पाठवणी

कंपनीचा लॅपटॉप खऱ्या अर्थाने कंपनीचा असतो तो फक्त दोन दिवस. सही घेऊन हातात देतात तो एक, आणि सही घेऊन काढून घेतात तो दुसरा. मधली सगळी वर्षं तो घरादाराचा असतो. निदान कोथरूडमध्ये तरी असाच रिवाज आहे. हिंजवडीत काय पद्धत आहे ते मला विचारू नका. तिथे मी फक्त नोकरी केली, आणि त्यातलाही बराचसा काळ भूमकर चौकातच गेला.

राजीनामा दिला की नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड सुरू होतो. त्या काळात केटी नावाचं कीर्तन करायचं असतं. म्हणजे आपल्या डोक्यातलं ज्ञान पुढच्या माणसाच्या डोक्यात ओतायचं, आणि तो मात्र म्यूटवर जेवत असतो. शेवटच्या आठवड्यात मेल येतो : लॅपटॉप, चार्जर, हेडफोन, ओळखपत्र जमा करा. तळाला बारीक अक्षरात एक ओळ : लॅपटॉपवर काही वैयक्तिक माहिती असल्यास काढून घ्यावी. ही ओळ लिहिणारा एकत्र कुटुंबात राहत नसणार.

माझ्या डाउनलोड्समध्ये कंपनीच्या फायली शोधाव्या लागत होत्या. सासरे सोसायटीचे सचिव. त्यामुळे ‘वार्षिक सभा फायनल’, ‘वार्षिक सभा फायनल फायनल’ आणि ‘वार्षिक सभा फायनल तळमजल्याच्या हरकतींसह’ अशी इतिवृत्तांची वंशावळ तिथे नांदत होती. पार्किंगचा नकाशा होता, त्यावर लाल रंगात युद्धभूमी आखलेली. महापालिकेने 2023 मध्ये मिळकतकरातली चाळीस टक्के सवलत परत सुरू केली, तेव्हा भरलेला पीटी-3 अर्ज होता. आमचा एकट्याचा नव्हे, अख्ख्या जिन्याचा. कारण ‘आमच्या सूनबाई आयटीत आहेत’ या वाक्याचा आमच्या इमारतीत अर्थ ‘स्कॅनिंग फुकट’ असा आहे.

पुढे सासूबाईंच्या भिशीचा हिशेब. मंगळागौरीचे व्हिडिओ, त्यात एकीचाही चेहरा धड फ्रेममध्ये नाही, पण फुगडी पूर्ण. नवऱ्याचे राजगडावरचे फोटो, म्हणजे एकच माणूस, एकच बुरूज, टोप्या निरनिराळ्या. नणंदेच्या मुलीचा बायोडेटा तीन आवृत्त्यांत. पहिल्यात अपेक्षा ‘पुणे शहर, शक्यतो डेक्कन परिसर’, दुसरीत ‘पुणे व पिंपरी-चिंचवड’, तिसरीत ‘परदेश चालेल’. पिंपरी-चिंचवडपेक्षा परदेश जवळ वाटणं हे अस्सल पुणेरी आहे, म्हणून ती फाइल मी आधी जपून ठेवली.

आणि आधार. घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं, पॅन, पासपोर्टची पहिली-शेवटची पानं, गॅसचं पुस्तक. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, ही सासऱ्यांना फार दिलाशाची गोष्ट वाटते. तो पासवर्ड म्हणजे नावाची इंग्रजीतली पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. नाव फाइलवर लिहिलेलं होतं आणि जन्मसाल शेजारच्या बायोडेट्यात.

आता हे बाहेर काढायचं कसं? पेन ड्राइव्ह लावला तर लॅपटॉप तो ओळखायलाच तयार नाही. खासगी ड्राइव्ह कंपनीच्या नेटवर्कवर बंद. जीमेलने पाठवावं तर एका पत्राला 25 एमबीची मर्यादा, आणि सासूबाईंची फुगडी एकटीच त्याच्या कितीतरी पट. म्हणून रीतसर तिकीट टाकलं. फॉर्ममध्ये ‘बिझनेस जस्टिफिकेशन’ नावाची चौकट, ती रिकामी ठेवता येत नाही. मंगळागौरीचं व्यावसायिक समर्थन काय द्यायचं, हा प्रश्न धर्मशास्त्रातही कुणी हाताळला नसेल. मी ‘सांस्कृतिक’ लिहिलं.

माहिती सुरक्षा विभागातला मुलगा बंगळुरूहून स्क्रीनवर आला. एकेक फोल्डर उघडून बघू लागला.

“मॅम, हा ‘भिशी’ कोणता क्लायंट?”

“जुना आहे. दर महिन्याला पैसे देतो आणि वेळेवर देतो.”

“मग हा आपल्या सिस्टीममध्ये का नाही?”

त्याला हसू नका. नोकरी सोडणारा माणूस सोर्स कोड किंवा ग्राहकांची यादी खिशात घालून जाईल ही भीती खरी आहे, आणि त्याला पगार त्याच संशयाचा मिळतो. बिचाऱ्याने पार्किंगचा नकाशासुद्धा कुठल्या तरी प्रकल्पाचं आर्किटेक्चर समजून नीट तपासला. शेवटी परवानगी आली, एका दुपारपुरती. मी फायली उतरवल्या, आणि त्या नवऱ्याच्या मशिनवर उघडून पाहिल्या. हे पाहणं महत्त्वाचं. पेन ड्राइव्हवर नाव दिसलं म्हणजे फाइल आली असं नाही. काही फायली फक्त नावापुरत्या येतात, काही नातेवाईकांसारख्या. मग दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क वेगळ्या कपाटात.

फायलींपेक्षा चिवट असतं ते न दिसणारं. बँक, डीमॅट, मुलाच्या शाळेचं अॅप, विजेचं बिल, या सगळ्यांना मी कधीकाळी ऑफिसचा ईमेल देऊन ठेवला होता. शेवटच्या दिवशी तो पत्ता बंद होतो, आणि त्यानंतरचे ओटीपी अनाथ. पगारपत्रकं आणि फॉर्म 16 कंपनीच्या पोर्टलवर, म्हणजे तेही दार बंद व्हायच्या आत उतरवायचे. ब्राउझरने आपुलकीने लक्षात ठेवलेले पासवर्ड काढायचे. व्हॉट्सअॅप तर फोनवरूनच ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये जाऊन तोडलेलं बरं, नाहीतर आमच्या कौटुंबिक ग्रुपवरचे शुभ सकाळ कुणा अनोळखी अॅडमिनच्या नशिबी यायचे.

इथवर आल्यावर घरात बैठक बसली.

“सगळं पुसून टाक गं बाई,” सासूबाई म्हणाल्या, “माझ्या वजनाचा तक्ता आहे त्यात.”

“पुसायचं काय? फॉरमॅट मारायचा,” बाबा, म्हणजे सासरे, म्हणाले.

पुसणं म्हणजे काय, हे त्यांना समजावताना मी आमच्याच जिन्याखालच्या नावांच्या फळीचा आधार घेतला. फाइल डिलीट केली की फळीवरचं नाव तेवढं खोडलं जातं. बिऱ्हाड वरच राहतं. नवा भाडेकरू त्या जागेत येईपर्यंत जुनं बिऱ्हाड जाणकाराला सापडतं. सिमसन गार्फिंकेल आणि अभी शेलाट या दोघा संशोधकांनी अशा 158 जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या आणि 2003 मध्ये निष्कर्ष छापले : चालू स्थितीतल्या 129 पैकी फक्त 12 नीट पुसलेल्या होत्या, आणि बाकीच्यांत क्रेडिट कार्डांचे पाच हजारांहून अधिक क्रमांक होते. आता लॅपटॉपमध्ये फिरती तबकडी नसते, एसएसडी असते. ती खोडलेली जागा बहुधा स्वतःच लवकर साफ करून टाकते. शिवाय बहुतेक कंपन्या सगळी डिस्क बिटलॉकरसारख्या कुलपाखाली सांकेतिक करून ठेवतात. किल्ली नष्ट केली की आतला मजकूर निव्वळ भुसा. पण ती किल्ली कंपनीकडे असते, आपल्याकडे नाही.

पुण्यात माहिती न पुसता निघून जायची परंपरा तशी जुनी आहे. 1818 साली दुसरे बाजीराव शरण आले, त्यांना वर्षाला आठ लाखांचं फुल अँड फायनल मिळालं आणि ब्रह्मावर्ताला पोस्टिंग. दप्तर मात्र मागेच राहिलं. रुमालांत बांधलेले ते कागद आज पुणे पुराभिलेखागारात आहेत, आणि त्यातून निवडून गोविंद सखाराम सरदेसाईंनी 1930 नंतर पंचेचाळीस खंड छापून घेतले. कुणाला किती दक्षिणा मिळाली, कुणाचं कर्ज थकलं, सगळं आहे. पेशव्यांना फॉरमॅट मारायची सोय असती तर पुण्यातल्या इतिहास संशोधकांच्या दोन-तीन पिढ्या बेकार झाल्या असत्या. मला मात्र सासूबाईंच्या वजनाचे पंचेचाळीस खंड नको होते.

तरीही मी फॉरमॅट मारला नाही, आणि बाबांना त्याचं कारण सांगितलं. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000, कलम 43 : मालकाच्या परवानगीवाचून संगणकातली माहिती नष्ट केली तर नुकसानभरपाई. तेच लबाडीने केलं तर कलम 66 : तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अमेरिकेत सिट्रिन नावाच्या गृहस्थांनी स्वतःचा धंदा काढण्यासाठी नोकरी सोडली आणि लॅपटॉप परत देण्याआधी कायमचं पुसणारं सॉफ्टवेअर चालवलं. कंपनीने दावा लावला. 2006 मध्ये तिथल्या अपील न्यायालयात न्यायमूर्ती पोझ्नर यांनी निकाल दिला, की संगणक गुन्हेविषयक कायद्याखाली हा दावा चालू शकतो. मी स्वतःचं तेवढं काढलं, रीसायकल बिन रिकामा केला, खाती साइन आउट केली आणि कंपनीच्या एकाही फायलीला हात लावला नाही. सगळा लॅपटॉप धुऊन काढायचं काम त्यांचं.

“म्हणजे आता माझं वजन कुणाला कळणार नाही ना?” सासूबाईंनी विचारलं.

“नाही, आई.”

हे मी ठामपणे म्हणाले खरी, पण डेस्कटॉप कंपनीच्या वनड्राइव्हशी जोडलेला असेल तर त्याची नक्कल कधीच सर्व्हरवर गेलेली असते, आणि तिथून ती कधी काढायची हे कंपनीचं धोरण ठरवतं. म्हणून घरचा कागद कंपनीच्या यंत्रावर येऊच द्यायचा नाही, हाच खरा इलाज. आमच्या घरात हा ठराव बाबांनी वार्षिक सभेच्या पद्धतीने मांडला आणि तो एकमताने नामंजूर झाला.

अॅसेट काउंटरवरच्या मुलाने लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. मागचा स्टिकर वाचला, बिजागऱ्या हलवून बघितल्या आणि एकच प्रश्न विचारला : “मॅडम, चार्जर ओरिजिनल आहे का?” तेव्हा तुमच्यापैकी कुणी नोटीस पीरियडवर असेल, तर फायलींचं तिकीट आजच टाका आणि चार्जर आजच शोधा. फायली राहिल्या तर कुणी विचारत नाही. चार्जर राहिला तर पैसे फुल अँड फायनलमधून कापतात.